केबलकाकांचं घरून काम

केबलकाकांना खरं नाव होतं, पण ते बँकेच्या पासबुकापुरतं. कंपनीत ते केबलकाका. पंचवीसेक वर्षांपूर्वी ते नोकरीला लागले तेव्हा नेटवर्क म्हणजे केबलच होती, आणि काका ती भिंतीतून, छतातून, टेबलांखालून ओढत दिवसभर रांगत असायचे. आता निम्मा कारभार हवेतून चालतो, काकांच्या गुडघ्यांना रांगणं झेपत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

दमलेला माणूस पाहायचा असेल तर काकांकडे पाहावं. काही जण कामानं दमतात, काही जण माणसांनी. काका दोन्हींनी दमले होते, आणि त्याबद्दल कुरकुर करण्याइतकाही जोर त्यांच्यात उरला नव्हता. सकाळी उठायचे तेच दमलेले.

कंपनी वजनकाट्यांची. ट्रक तोलणाऱ्या अजस्र काट्यांपासून दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवायच्या काट्यापर्यंत सगळं बनवणारी. कारखाना गावाबाहेर आणि ऑफिस शहरातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. ऑफिसात चाळीसेक माणसं: काट्यांची ड्रॉइंग काढणारी, बिलं करणारी, आणि काटा खोटं वजन दाखवतो म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांना शांत करणारी. सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर. तो सर्व्हर शेवटच्या खोलीत, आणि त्याला थंडी लागते म्हणून बारा महिने स्वेटर घालून शेजारी काका. म्हणजे थंडी सर्व्हरला हवी असायची, लागायची काकांना.

घरी काकू. काकू बसमध्ये तिकीट तपासनीस होत्या. मधल्याच थांब्यावर चढायच्या आणि गर्दीतला बिनतिकिटाचा माणूस नुसत्या मानेवरून ओळखायच्या. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू अधू झाली, तोंड जरासं वाकडं झालं, बोलणं संथ झालं. बोलण्याची धार मात्र होती तशीच राहिली. चार पायांच्या काठीवर त्या पलंगापासून खिडकीपर्यंत जायच्या, पण दाराबाहेर डॉक्टरशिवाय कुठेही नाही. "ज्यांना मी दंड केला त्यांनी माझं हे तोंड बघून दात काढायचे? नको," म्हणायच्या.

दिवसभर काकूंजवळ एक मावशी असायच्या. आता त्या मावशींच्या लेकीचं बाळंतपण आलं. महिनाअखेरीस जाते म्हणाल्या, आणि परत कधी ते त्यांनाही माहीत नव्हतं. बदली म्हणून दोघीजणी येऊन पाहून गेल्या. एकीला काकूंचं वजन जास्त वाटलं, दुसरीला जीभ.

मग मेव्हणीचा फोन आला. काकूंची धाकटी बहीण दूरच्या शहरात राहायची, मोठ्या घरात, नवरा-बायको दोघंच.

"भावोजी, ताईला मी घेऊन जाते. खालची खोली रंगवून घेतलीय. तुम्ही तरी किती दिवस ओढणार एकट्यानं?"

मेव्हणी मनापासून बोलत होती. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि हीच अडचण होती. काकांनी फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "बहिणीकडे चार दिवस पाहुणी, पाचव्या दिवशी अडगळ." तीस वर्षांच्या संसारात दोघं आठवडाभरसुद्धा कधी वेगळी राहिली नव्हती. काकूंना जायचं नव्हतं, काकांना पाठवायचं नव्हतं, आणि मावशी निघाल्या होत्या. बाकी या गोष्टीत ज्या तारा आणि किल्ल्या येतील, त्या सगळ्या यासाठी.

अशात धाकट्या साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. धाकटे साहेब म्हणजे कंपनी काढणाऱ्या मोठ्या साहेबांचे चिरंजीव. चांगली ड्रॉइंग काढणारी दोन पोरं महिन्याभरात सोडून गेली होती, घरून काम करू देणाऱ्या कंपनीत. साहेबांनी मोबाइल पुढे केला. त्यावर एका चकचकीत कुलपाची जाहिरात होती.

"काका, आपल्याला व्हीपीएन घ्यायचंय. हे बघा, पहिला महिना फुकट."

"साहेब, हे ते नव्हे."

"नाव तर तेच आहे."

"नाव तेच आहे. पण हे म्हणजे तोंडाला रुमाल बांधून बाजारात फिरणं. कोण चाललाय ते लोकांना कळत नाही, एवढंच. तोंड झाकलं म्हणून आपल्या ऑफिसचं कुलूप थोडंच उघडतं? आपल्याला हवाय घरापासून ऑफिसपर्यंतचा बंद रस्ता. आपलीच माणसं त्यावरून येतील, आणि काय घेऊन चाललीत ते वाटेत कुणाला दिसणार नाही."

"मग तो करा."

'करा' म्हणायला काय लागतं! काका आठवडाभर तेच बघत बसले. एक व्हीपीएन ऑफिसच्या जुन्या राउटरमध्ये आयतंच होतं, पण ते इतकं जुनाट की त्याला कुलूप म्हणणं म्हणजे दाराला सुतळी बांधून निर्धास्त झोपणं. दुसरं भाड्याचं होतं. माणशी दरमहा पैसे भरायचे, सगळं त्यांचे लोक बघणार, अडलं तर फोन करायचा. तिसरं, आपल्याच ऑफिसात आपल्याच हातानं बसवायचं. फुकट, मजबूत, वेगवान. प्रत्येकाच्या लॅपटॉपला त्याची स्वतःची किल्ली, शिवाय आत येताना मोबाइलवर येणारा आकडा टाकायचा. पण मग त्यातलं सगळं दुखणंखुपणं काकांच्या गळ्यात.

शहाण्या माणसानं भाड्याचं घेतलं असतं. काकांनी तिसरं घेतलं. साहेबांना त्यांनी खर्चाचं कारण दिलं, आणि ते खोटं नव्हतं. पण आतलं कारण असं की भाड्याचं आलं की कुणीही फोन उचलून तक्रार नोंदवेल, मग केबलकाका हवेत कशाला? माणूस कितीही दमलेला असो, आपल्यावाचून अडतं हे त्याला सोडवत नाही. काकांनी आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा उचलून ठेवला, आणि वर तो नीट बसलाय ना हेही तपासलं.

मंजुरी घेताना काकांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "साहेब, हे चाललं तर मलाही घरून काम करता येईल का? बायको आजारी असते."

साहेब चांगले होते, पण साहेब होते. "दोन आठवडे सगळे घरी बसवू. काम अडलं नाही तर पुढे आठवड्यातले तीन दिवस घरून, तुम्हीसुद्धा. अडलं तर सगळे परत ऑफिसात, आणि तुम्ही सगळ्यांच्या आधी."

काका कामाला लागले. पहिल्याच चाचणीत त्यांना स्वतःचंच जुनं पाप भेटलं. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, घराला घरक्रमांक असतो तसा. पंचवीस वर्षांपूर्वी काकांनी खोक्यातून राउटर काढला आणि त्यावर जे नंबर आले तेच राहू दिले. आता जगातल्या निम्म्या घरांतले राउटरही खोक्यातून निघतात ते तेच नंबर घेऊन. त्यामुळे घरी बसलेला लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर शोधायला निघायचा तो आपल्याच घरात फिरायचा, आणि हॉलमधल्या टीव्हीला विचारायचा, फाइल देतोस का? काकांनी दोन-तीन रविवार खर्ची घालून आख्ख्या ऑफिसचे नंबर बदलले. सर्व्हर, प्रिंटर, हजेरीचं यंत्र, सगळ्यांचे. कंबर धरली. मावशींच्या रविवारच्या जादा पैशांवरून काकूंनी ऐकवलं ते वेगळंच.

मग माणसांची पाळी. तक्रार विभागातल्या बाई ऑफिसातच बसून व्हीपीएन चालू करायच्या आणि म्हणायच्या, "काका, मी आत येतेय, पण येताच येत नाहीये."

"बाई, तुम्ही आतच आहात."

"मग ते तसं सांगत का नाही?"

एका ड्रॉइंगवाल्यानं घरी व्हीपीएन चालू ठेवून रात्रभर सिनेमे पाहिले. ते सिनेमे ऑफिसातून वळसा घेऊन त्याच्या घरी जात होते, आणि सकाळी बाकीच्यांची फाइल उघडेना. काकांनी मग फक्त ऑफिसचं काम बंद रस्त्यानं आणि बाकी गाव मोकळ्या रस्त्यानं, अशी वाटणी केली. असं करत करत एकदाचं घोडं गंगेत न्हालं. ठरलेल्या सोमवारी चाळीस माणसं चाळीस घरांतून कामाला बसली. काका एक्केचाळिसावे.

काकांनी टेबल काकूंच्याच खोलीत टाकलं. प्लग आणि इंटरनेटची तार खिडकीजवळच्या कोपऱ्यात होती, म्हणून टेबल तिथे, आणि म्हणून काकांची पाठ पलंगाकडे. पहिल्या दिवशी काकू खुशीत होत्या. उशा रचून बसल्या आणि म्हणाल्या, "बघू तरी, हा माणूस दिवसभर करतो काय."

हा माणूस दिवसभर फोन घेत होता. ऑफिसात असताना लोक निदान खुर्चीतून उठून त्याच्या खोलीपर्यंत यायचे, आणि तेवढ्यात निम्म्यांचं काम आपोआप सुटायचं. आता उठायचं कुणाला नव्हतं. किल्ली चालत नाही, आकडा येत नाही, मुलानं काहीतरी दाबलं, मांजर लॅपटॉपवर बसलं. जेवताना फोन. काकूंच्या गोळ्या देताना फोन. आणि ऑफिसची वेळ म्हणून जी काही वस्तू असते ती घरून काम करणाऱ्यांच्या डोक्यातून पार पुसलेली, त्यामुळे रात्रीच्या ताटावरही फोन. साहेब तर आता मुद्दाम रात्रीच बोलायचे, "तुम्ही काय, घरीच असता!"

"अहो," काकू म्हणायच्या.

"एक मिनिट," काका म्हणायचे, पाठमोरे.

पहिल्या आठवड्याला मावशी होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या आणि सगळं काकांवर आलं. डाव्या कानाला फोन, उजव्या हातात काकूंचा कंगवा. दुधाला उतू जायला हीच वेळ सापडायची. तरी काका मनात दिवस मोजत होते. काम अडलं नव्हतं. हा शुक्रवार पार पडला की झालं. मेव्हणीला सांगायचं, बाई, खोलीला रंग छान दिसतो, पण ती आता दुसऱ्या पाहुण्यांना दे.

शुक्रवारी संध्याकाळी, पाचच्या सुमारास, काकांना एक बारीकशी गोष्ट खुपायला लागली. ऑफिसच्या दारावर, म्हणजे बाहेरचं येणंजाणं अडवणाऱ्या यंत्रावर, जुन्या नंबरांचे काही नियम तसेच पडून होते. काही बिघडत नव्हतं. पण कामाचा माणूस असा की काम संपलं की त्याला स्वच्छता सुचते. काकांनी घरूनच ते यंत्र उघडलं.

या धंद्यात एक रीत आहे. दूर बसून दाराला हात लावायचा असेल तर आधी परतीचा दोर बांधायचा. यंत्राला सांगून ठेवायचं की मी आता बदल करतोय, दहा मिनिटांत माझा निरोप आला नाही तर समज मी बाहेर अडकलो, आणि तू मुकाट्यानं पहिल्यासारखं हो. काकांच्या उस्तादांनी त्यांना हे पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, आणि काकांनी जन्मभर पाळलं होतं. लोक घराबाहेर पडताना किल्ली चाचपतात तसा त्यांचा हात आपसूक तिकडे जायचा.

"अहो," काकू म्हणाल्या. "मला उठायचंय."

"एक मिनिट."

काकांनी जुने नियम निवडले. दोर बांधायचं बटण वरच्या कोपऱ्यात होतं. तिकडे हात गेला आणि मागे काहीतरी धाडकन पडलं. काका दचकून उठले, आणि उठता उठता जे बटण हाताखाली आलं ते दाबलं गेलं. ते दोराचं नव्हतं, नियम कायमचे खोडण्याचं होतं.

काकू न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. काठी आडवी पडली होती. हाड वगैरे मोडलं नव्हतं, कोपर सोलवटलं होतं. वाट बघून बघून त्या एकट्याच निघाल्या होत्या.

"अगं, एक मिनिट म्हटलं होतं ना मी!"

"ते तुम्ही दोन आठवड्यांपासून म्हणताय," काकू खालूनच म्हणाल्या.

काकांनी त्यांना उठवलं, न्हाणीघरात नेलं, आणलं, कोपराला मलम लावलं. मग खुर्चीत येऊन त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा गोठलेला होता. खोडलेल्या नियमांत एक नियम जुना नव्हता. बाहेरून येणाऱ्यांना आत घेणारा नियम तोच होता. काकांनी दार आतून लावलं होतं, आणि ते स्वतः बाहेर उभे होते. आपण बसलोय तीच फांदी छाटणारा मूर्ख त्यांनी लहानपणी चित्रात पाहिला होता. तो आता आरशात पाहिला तरी चालला असता.

फोन वाजायला लागला. एक, दुसरा, मग थांबेचना.

बाहेरून आत जायला आता एकच उपाय होता, स्वतः जाऊन केबल लावायची. आणि आत्ताच पडलेल्या बायकोला एकटी टाकून जायचं कसं? शेजारचं घर बंद होतं. काका खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांना वाटलं की आता इथेच खाली बसावं, पुन्हा उठूच नये. डोळ्यांत पाणी आलं तेही दमल्यासारखं, हळूहळू.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. काकांनी सांगितलं. काहीही लपवलं नाही, तिकीट तपासनिसापुढे लपवून उपयोगही नव्हता.

काकूंनी जरा विचार केला. "तुमच्या ऑफिसात आत्ता कोण आहे?"

"कुणी नाही. सगळे घरी. खाली वॉचमन."

"तोंड बघायला कुणी नाही ना? मग टॅक्सी बोलवा. मीही येते."

दीड वर्षांत काकू पहिल्यांदा आपण होऊन उंबऱ्याबाहेर पडल्या. टॅक्सीत त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. एका थांब्यावर बस उभी होती, तिच्या दाराशी लोंबकळणाऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "बिनतिकीट आहे." काका हसले नाहीत. त्यांच्या मांडीवर फोन वाजत होता.

ऑफिसच्या इमारतीपाशी काकांनी वर जाऊन आपली ऑफिसातली चाकांची खुर्ची खाली आणली, आणि काकूंना तीत बसवून ढकलत लिफ्टमधून वर नेलं. वॉचमननं दार धरलं. काकूंनी पदरानं तोंड झाकलं नाही.

काकांनी शेवटच्या खोलीत शिरून यंत्राला सरळ केबल लावली. आधी परतीचा दोर बांधला. खोडलेला नियम पुन्हा लिहिला. चाळीस घरांतून एकेक दिवा हिरवा होत गेला, आणि फोन जसा वाजायला लागला होता तसाच थांबला. आपलं काम का चालू झालं हे विचारायला कुणी फोन करत नाही. काकांनीच साहेबांना लावला.

"साहेब, पाऊण तास काम अडलं. चूक माझी होती."

"हो, कळलं. काका, आमच्या घरची लाइट याहून जास्त वेळ जाते. दोन आठवड्यांत पाऊण तास म्हणजे काय घेऊन बसलात? पास आहात तुम्ही. सोमवारपासून तीन दिवस घरून, ठरल्याप्रमाणे."

काकांनी फोन खिशात टाकला. ते बाहेर आले. मोठ्या दालनात रिकाम्या टेबलांच्या मधे काकू चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीसमोर.

"अगं, झालं! साहेब हो म्हणाले. मी घरून काम करणार. आता तुला कुठेही जायला नको."

काकू खिडकीबाहेरच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी धाकटीला सकाळी फोन केला. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा. म्हटलं, रविवारी गाडी घेऊन ये."

काकांना आधी कळलंच नाही. "का? आता कशाला? मी आहे ना घरी!"

"कुठे आहात?" काकू वळल्या. शब्द नेहमीसारखे एकेक, सावकाश येत होते. "आधी तुम्ही सकाळी जायचात. दिवसभर मी वाट बघायची. सातला दार वाजायचं. मी म्हणायची, आलात? मग तुम्ही चहा करायचात, अन् माझ्याजवळ बसून बडबडायचात, ऑफिसात कोण काय म्हणालं. दोन आठवडे झाले. तुम्ही घरी येतच नाही. मी नुसती पाठ बघते." त्या जरा थांबल्या, दम खाल्ला. "पाठच बघायची तर धाकटीकडे भिंत आहे. रंगवलेली."

काका जवळच्या कुणाच्या तरी खुर्चीत बसले. महिनाभर त्यांनी एकच रस्ता बांधला होता, घरातून ऑफिसात जायचा. त्याच रस्त्यानं ऑफिस घरात येतंय हे जगातल्या कुठल्याही नेटवर्कवाल्याला कळलं असतं. त्यांना कळलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घेण्याइतकं त्राणही अंगात नाही याचं आणखी वाईट वाटलं.

"मग मी काय करू, तूच सांग," ते शेवटी म्हणाले.

काकूंनी दालनभर नजर फिरवली. "ही सगळी टेबलं आता अशीच रिकामी राहणार?"

"आठवड्यातले तीन दिवस. बाकीचे दोन दिवस येतील सगळे."

"लिफ्ट आहे. न्हाणीघराचं दार रुंद आहे, मघाशी बघितलं. खिडकीतून रस्ता दिसतो, आमच्या तीन बस गेल्या एवढ्यात." काकू म्हणाल्या. "बाकीच्यांना राहू दे घरी. आपण दोघं इथे येऊ. पण सातला घरी जायचं. म्हणजे अगदी जायचं."

"आणि उरलेले दोन दिवस? लोक असतील."

काकूंनी वाकडं तोंड आणखी वाकडं केलं. "बघतील मग. त्यांनाही सवय होईल."

काकांनी पुन्हा फोन लावला. साहेबांना वाटलं, परत काहीतरी बंद पडलं.

"साहेब, मला घरून काम नको. मी ऑफिसातच येईन, रोज. फक्त बरोबर माझी बायको येईल. खिडकीजवळ बसेल."

"काका, सगळे घरी जायला भांडतात, आणि तुम्ही घरच इथे आणताय?"

"हो साहेब. आणि सातनंतर मी फोन घेणार नाही."

"आणि सातनंतर काही बंद पडलं तर?"

काका म्हणाले, "तर सकाळी चालू होईल." असं वाक्य आपल्या तोंडून निघेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. साहेबांनी सुस्कारा सोडला, ते अडले होते आणि त्यांना ते माहीत होतं. म्हणाले, "खिडकीजवळचा एसी फार गार असतो. त्यांना शाल आणायला सांगा."

काकूंनी बहिणीला फोन लावायला सांगितला. रविवारी नक्की ये, पण जेवायला ये, मी कुठे येत नाही. पलीकडून मेव्हणी बरंच बोलली, थोडी रडलीही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

निघण्याआधी काकांनी किल्ल्यांची यादी उघडली. एक्केचाळीस नावं होती. स्वतःचं नाव निवडलं आणि ते काढून टाकलं. आता घरून कुणालाही ऑफिसात शिरता येणार होतं, ते दार ज्यानं बसवलं तो एकटा सोडून. लॅपटॉप त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

टॅक्सी मिळायला वेळ लागला. घरी पोचायला सात वाजून गेले. काकांनी काकूंना पलंगावर बसवलं, उशा लावल्या, चप्पल काढून ठेवली, चहा टाकला. मग खिडकीजवळची खुर्ची उचलून पलंगाकडे तोंड करून मांडली, तीत बसले, आणि रिकामे हात कुठे ठेवायचे ते न कळून मांडीवर ठेवले.

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"आलात?" त्या म्हणाल्या.

"आलो," काका म्हणाले, आणि त्यांनी ऑफिसात आज कोण काय म्हणालं ते सांगायला सुरुवात केली.